मागच्या सीटवरचं आमेन

जव्हारच्या पाड्यांवर मिशनचे फादर सिल्वेस्टर आणि सिस्टर दवाखाना चालवतात. मी लवू, घाटकोपरहून त्यांची जीप घेऊन जातो. त्यांचा देव त्यांना, माझा मला.

निघण्याआधी फादर पुढच्या सीटवर डोळे मिटून प्रार्थना म्हणतात आणि मागून हळूच 'आमेन' येतं. मागे सिस्टर असतात, म्हणून मी कधी वळून पाहिलं नाही.

आज सिस्टर आल्या नव्हत्या. प्रार्थना संपली, तरी मागून 'आमेन' आलंच.

फादर हसले. "सिस्टर मनातच म्हणतात रे. तू मात्र दर वेळी आमेन म्हणतोस, बरं वाटतं."

मी गाडी सुरू केली.

परतल्यावर फादरना पवईला सोडलं. आरशात मागची सीट रिकामी होती. आमच्या गावी देवळात गाऱ्हाणं घालतात, तेव्हा मागे उभी असलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. घाबरून तसंच गाऱ्हाणं तोंडात आलं.

"बा देवा रवळनाथा, घरात माझी पोर एकटी आसा. तिका सांभाळ रे म्हाराजा."

मागून, त्याच हळू आवाजात, उत्तर आलं.

"व्हय म्हाराजा."