पाचशे मीटरच्या आत

"नकाशात आपली वस्तीच नाई, माय," अनुप म्हणाला आणि कागद त्याने आईपुढे पसरला.

जिथे त्याच्या आईचं, धुरपताबाईंचं घर होतं, बत्तीस घरं आणि एक विहीर होती, तिथे कारखान्याच्या नकाशात नुसतं ‘पडीत’ लिहिलं होतं. कापड रंगवायचा कारखाना, तोही विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. परवान्याची अट मात्र सरळ होती: पाचशे मीटरच्या आत वस्ती असेल, तर कारखाना नाही.

हिंगणघाटच्या कोर्टात काळा कोट घालून अनुपला जेमतेम वर्ष झालं होतं. साल २००३. वस्तीतला हा पहिलाच वकील. भयंकर चिडला होता, आणि का चिडू नये? हे काय, जित्याजागत्या माणसांना कागदावरून पुसून टाकायचं!

"मंग आपण अठी राह्यतो, हे दाखवाचं कसं?" धुरपताबाईंनी विचारलं.

वस्ती गायरानावरची. सातबारा कुणाकडेच नव्हता. रेशनकार्डांवर जुन्या गावाचा, वडनेरचा पत्ता.

शेजारचा म्हातारा चिंधू घरात गेला आणि पत्र्याचा डबा घेऊन आला. आत दंडाच्या पावत्या होत्या. तलाठी दरवर्षी यायचा, घरं मोजायचा आणि गायरानात राहिल्याचा दंड करून जायचा. वस्तीत एकानेही पावती कधी फेकली नव्हती. लोक पोराबाळांच्या जन्मतारखा विसरले, पण पावत्या जपल्या.

"दंड केला म्हंजे सरकारनं आपल्याले पाह्यलं," चिंधू म्हणाला. "याच्याहून मोठा पुरावा कोनता, वकीलसायेब?"

"दंडाचे कागद काऊन दाखवतं रे?" धुरपताबाई पुटपुटल्या.

"लाजाचं काय त्यात, माय?" अनुप म्हणाला. "आपलं घर किती सालापासून हाये, हे सरकारच सांगून राह्यलं."

घराघरांतून पावत्या निघाल्या. अनुपने परवान्याविरुद्ध हरकतीचा अर्ज केला आणि त्यासोबत प्रत्येक घराचं प्रतिज्ञापत्र लिहिलं. पहिला अंगठा आईचा घेतला.

वर्ध्याला जिल्हाधिकारी कचेरीत सुनावणीच्या दिवशी कारखान्याचे वकील मधुकरराव यांनी तो गठ्ठा सावकाश वाचला. मग चष्मा काढून ते अनुपजवळ आले.

"नक्की हेच दाखल करायचं? पहिलं नाव तुमच्या आईचं दिसतं. एकदा विचार करा."

अनुपचं माथं भडकलं. "धमकी नका देऊ, साहेब. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे."

मधुकररावांनी चष्मा पुन्हा चढवला. मग ते अधिकाऱ्यांकडे वळले. "अर्जदारांचं म्हणणं आम्हाला संपूर्ण मान्य आहे."

मागे टाळ्या पडल्या. चिंधूला रडू आवरेना. एवढा मोठा वकील आपल्या पोरापुढे गप बसला, हे धुरपताबाई परतीच्या एसटीत ओळख ना पाळख अशा बायांनाही सांगत होत्या.

तीन आठवड्यांनी निकालाचा कागद आला. सगळी वस्ती विहिरीपाशी जमली. अनुपने मोठ्याने वाचायला घेतलं. प्रस्तावित जागेपासून पाचशे मीटरच्या आत बत्तीस घरे असल्याचे सिद्ध झाले आहे. पोरांनी शिट्ट्या मारल्या, बायांनी एकमेकींना मिठ्या मारल्या.

अनुप मात्र थांबला होता.

"वाच ना बापू पुढं," धुरपताबाई म्हणाल्या.

त्याने वाचलं. "सदर घरे शासकीय गायरानावर अनधिकृतपणे उभी असल्याचे अर्जदारांनी स्वतः शपथेवर मान्य केले आहे. ती पंधरा दिवसांत हटवावीत. त्यानंतर पाचशे मीटरच्या आत वस्ती शिल्लक राहत नसल्याने, कारखान्यास परवानगी देण्यात येत आहे."