मीटरचा स्क्रू

"मॅडम, आज बाबांना किरणांचा शेक नको. त्यांना थुंकीसुद्धा गिळवत नाहीये," रेवती म्हणाली. व्हीलचेअरमधल्या तिच्या वडिलांचा गळा काळाठिक्कर पडला होता.

"मात्रा आम्ही रोज मोजूनच देतो," उल्का सबनीस म्हणाल्या. कॅन्सर रुग्णालयातलं किरणांचं मोजमाप त्यांच्याकडे होतं. पण असा भाजलेला हा पहिला पेशंट नव्हता. त्या तडक आत गेल्या.

पेशंटची मात्रा ज्या मीटरने मोजत, ते तपासायला तिथे एक किरणोत्सर्गी तुकडा ठेवलेला असे. त्यातून आज किती किरण निघायला हवेत, ते छापील तक्त्यात असे. मीटर जास्त दाखवू लागलं की स्क्रू पिळायचा आणि आकडा तक्त्याशी जुळवायचा. आज आकडा पुन्हा जास्तच होता. त्यांनी स्क्रू पिळला, पण तो फिरेना. कित्येक महिने एकाच बाजूला पिळून पिळून तो टोकाला टेकला होता.

त्यांनी कपाटातलं कोरं, स्क्रू कधीच न पिळलेलं मीटर काढलं. त्याने तक्त्याच्या दुप्पट आकडा दाखवला.

त्यांनी दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात हेच काम करणाऱ्या दिघेंना फोन लावला. "दिघे, तुमचं मीटर कसं आहे?"

"भंगार झालंय हो! रोज स्क्रू पिळतो, तेव्हा कुठे तक्त्यावर येतं."

म्हणजे मीटर बिघडलंच नव्हतं. तुकड्याचा ऱ्हासच वेगाने होऊन त्यातून दुप्पट किरण निघू लागले होते, आणि शेक देणाऱ्या यंत्रातल्या किरणोत्सर्गी कोबाल्टमधूनही. स्क्रू पिळलेल्या मीटरने मोजलेली प्रत्येक मात्रा पेशंटना जास्तीची गेली होती.

त्या बाहेर आल्या, तेव्हा रेवती वडिलांच्या गळ्यावर ओला रुमाल धरून उभी होती.

"मॅडम, आजचा राहिलेला शेक उद्या जास्तीचा द्याल ना?" तिने विचारलं. "उपचार अर्धवट नको राहायला."