मोहाखालचा कायदा

हंसाबाई आणि कोकिळा मोहाच्या एका झाडावरून अशा भांडत होत्या की वस्तीवरची कुत्रीसुद्धा गप्प झाली होती, आणि शेजारी उभ्या असलेल्या दीपाला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. दुसऱ्याचं भांडण पाहून खूश होणं बरं नव्हे, हे तिला कळत होतं. पण एलएलएमच्या पोरीला आपल्या प्रबंधातलं आख्खं प्रकरण डोळ्यांदेखत हातवारे करताना दिसलं, तर तिनं तरी काय करावं?

पांढरकवड्याहून स्कूटी हाणत ती भल्या सकाळी या कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, आली होती, ती प्रबंधाच्या मार्गदर्शक गावंडे सरांच्या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला. संविधानाचा तेरावा अनुच्छेद रूढीलाही कायदा म्हणतो, पण त्या रूढीत कायद्याचं बळ असेल तरच. "मोहाची झाडं रूढीनं वाटून घेतात, कबूल," सर म्हणाले होते. "पण रूढी मोडली तर पोलीस येत नाही, कोर्ट विचारत नाही, शिक्षा होत नाही. मग बळ कुठलं? ही तर नुसती सवय झाली. सोमवारी उत्तर आण, नाहीतर हे प्रकरण काढून टाक." काढून टाक म्हणे! वर्षभर उन्हातान्हात फिरून तिनं ते प्रकरण लिहिलं होतं.

रूढी तशी साधी. फुलं गळायला लागायच्या सुमारास जी बाई मोहाखालचा पाला झाडून जागा साफ करेल, त्या हंगामापुरतं झाड तिचं; खाली पडलेली फुलं तिनंच वेचायची. दीपाला हे तोंडपाठ होतं. हंसाबाई हे झाड दरवर्षी झाडायची. यंदा ती लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि झाड पाल्यातच उभं राहिलं. आज सकाळी ती खराटा घेऊन आली, तर समोरून कोकिळाही कमरेवर टोपली आणि हातात खराटा घेऊन हजर.

"अख्ख्या पोडाले ठाऊक हाय हे झाड कोणाचं ते!" हंसाबाई म्हणाली.

"मंग यंदा काहून नाई झाडलं? लेकीच्या घरी बसून झाड भेटते काय, काकू?"

"बाळंतपण होतं व! तुह्यावर बी येईन अशी वेळ."

"आली तं आली! माहं झाड राखून ठेवा, असं मी नाई म्हणणार कोणाले!"

आता दीपाला राहवेना. तिनं मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. "काकू, ताई, थांबा जरा! एकेकीनं बोला. बसून बोला. मले सगळं पहिल्यापासून पाह्यजे."

बसायला धड जागा नव्हती. पाल्यात विंचूकाट्याची भीती. हातवाऱ्यांना दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून हंसाबाईनं खराटा बुंध्याला टेकवून ठेवला होता, तो दीपानं उचलला. घरी आईनं दहादा सांगितलं तरी केरसुणीला हात न लावणारी ही मुलगी, पण त्या क्षणी तिच्या अंगात वारं शिरलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिनं पाला लोटला, आणि लोटता लोटता प्रश्न विचारत राहिली. पूर्वी असं भांडण झालं होतं का? तेव्हा निवाडा कोणी केला? तो कोणी मानला नाही तर?

सगळी जागा लोटून झाल्यावर तिनं मागं वळून पाहिलं. दोघी झाडलेल्या जागेच्या बाहेर सरकल्या होत्या.

"झालं ना साफ. बसा की आता."

"काय बसाव, पोरी," हंसाबाई म्हणाली. "झाड तुहं झालं."

दीपा आधी हसली. मग आपण काय करून बसलो ते ध्यानात आलं आणि तिनं खराटा झटकन खाली टाकला. "अवो नाही! मी तं बसायसाठी झाडलं. चुकून झालं. मी या पोडाची पण नाही!"

"झाडलं ना?" कोकिळा म्हणाली. या झाडावर तिनं हंगामाची आशा लावली होती, आणि ती आशा गेली हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"मी देते ना परत. आत्ताच देते."

"वेचल्याबिगर काय देशीन?" हंसाबाई म्हणाली. "उद्या पहाटे ये. आपल्या हातानं वेच. मंग वेचलेलं कोणाले द्याचं ते तू पाह्य."

"अन् नाही आले तर? पहाटे मी पांढरकवड्यात झोपलेली असते, काकू. इथं कोण पाहून राह्यलं? खुशाल उचला तुम्ही!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्या एका बाजूला झाल्या होत्या.

"दुसऱ्याचे फुलं आमी कायले उचलू?" कोकिळा म्हणाली. तिला राग आला होता.

आपल्या धांदरटपणाची दीपाला लाज वाटत होती, आणि त्याच वेळी उड्या माराव्यात असंही वाटत होतं. झाड दोघींना हवं होतं, ती हात जोडून देत होती, अडवायला ना पोलीस होता ना कोर्ट, तरी दोघी घेत नव्हत्या. कधी एकदा सरांना फोन लावते असं तिला झालं.

"येते!" ती ओरडलीच. "उद्या येते, रोज येते. तुम्ही दोघी टोपल्या घेऊन या. मी वेचते, दोघींना अर्धं अर्धं!"

"आधी ये तं खरं," हंसाबाई म्हणाली.

तेवढ्यात वरून एक फूल सुटलं आणि नेमकं कोकिळाच्या टोपलीत पडलं. कोकिळानं ते दोन बोटांनी उचललं आणि खाली वाकून झाडलेल्या जागेत, दीपाच्या पायाजवळ ठेवून दिलं.