बोळातली सभा

हवालदारबाईंनी बोळाच्या मधोमध खुर्ची ठेवली, टोपी काढून मांडीवर घेतली आणि बसून राहिल्या. सभेची वेळ टळून गेली होती. एकही माणूस फिरकला नव्हता.

समोरच्या पायऱ्यांवर टोळकं मात्र होतं, रोजच्यासारखंच पसरलेलं. त्यातल्या एकाने विचारलं, बाई, एकटीला कंटाळा येत असेल, चहा सांगू का? बाई म्हणाल्या, सांग की, पण पैसे दे. चहावाला म्हणतो तुम्हा लोकांना खिसेच नाहीत. टोळकं हसलं, पण जरा उशिरा.

वस्तीच्या तक्रारी ऐकायची मागची सभा चौकीत झाली होती. तेव्हा यांच्यातलेच दोघे पहिल्या रांगेत तंगड्या पसरून बसले आणि सगळ्या वस्तीने मिठाची गुळणी धरली. बाईंनी तिथेच सांगून टाकलं, पुढची सभा बोळात. दुखतं तिथेच हात लावायचा. आणि हेही सांगितलं, की तिथेही कोणी तोंड उघडलं नाही तर साहेब म्हणतील या वस्तीला काही त्रासच नाही, आणि मला दुसरीकडे पाठवतील. मग बोळ यांचा आणि तुम्ही जा लांबून वळसा घालून.

कोपऱ्यावरच्या दुकानातून कुलूपवाले काका हे बघत होते. हातात किल्ली होती, तिच्यावर कानस चालली होती, आणि किल्ली कधीच वाया गेली होती. वरच्या खिडक्यांतले पडदे हलत होते. खाली कोणी उतरत नव्हतं. उतरणारही नाही, हे काकांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्यांत वरच्या पायरीवर भिंतीला टेकून बसलेला, ज्याला बाकीचे भाई म्हणत, तो काकांचा मुलगा. एकुलता एक. त्याची आई गेल्यापासून घरात दोनच माणसं होती आणि ती दोघं कधी एका वेळी जेवत नव्हती.

काकांनी कानस खाली ठेवली. दुकानातली घडीची खुर्ची काखोटीला मारली आणि दुकान उघडं टाकून निघाले. बाईंच्या शेजारी खुर्ची उघडून बसले.

पायऱ्यांवरचं हसू थांबलं. मुलगा उठून दोन पायऱ्या उतरला. "बाबा, घरी जा," तो हळूच म्हणाला.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. तक्रार सांगायची आहे, असं ते बाईंना म्हणाले. बसून बोलणं जमेना, म्हणून पुन्हा उभे राहिले. आवाज मोठा नव्हता, पण बोळ अरुंद होता आणि खिडक्या जवळ होत्या.

"दोन वर्षांत जेवढी कुलपं विकली, तेवढी मी उभ्या जन्मात विकली नव्हती. एकेका दाराला दोन-दोन. लोक येतात, कुलूप घेतात, माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. कोणाच्या भीतीनं घेतात ते मला माहीत आहे. तो माझा मुलगा आहे." ते थांबले. "बाई, माझा धंदा बसला पाहिजे."

मग वर कुठेतरी कडी निघाली. तिच्या मागोमाग दुसरी.

आधी चहावाला बाकडं घेऊन आला. मग दवाखान्यातली नर्स आली, तिच्या हातात स्वयंपाकघरातलं स्टूल. तळमजल्यावरच्या नवरा-बायकोने वेताचा सोफाच उचलला आणि तो दारात अडकला. कल्पना कोणाची, यावरून दोघांची तिथेच जुंपली. चौघांनी हात लावला तेव्हा तो बाहेर आला. खुर्च्या संपल्या तशा बायका सरळ पायऱ्यांकडे वळल्या. सरक रे, पाय घे, असं म्हणत बसूनही गेल्या. टोळक्यातल्या एकाचा फोन वाजला, जो दुसऱ्या कोणाला ऐकू आला नाही. एकाला घरचं काम आठवलं. बाकीच्यांनी निमित्तही शोधलं नाही.

चहावाल्याने फोडलेल्या बरण्यांचं सांगितलं. नर्सने सांगितलं, की ड्यूटीवरून येताना ती चपला हातात घेऊन हा बोळ पळत ओलांडते. पुढे एकाचं संपायच्या आत दुसरा सुरू होऊ लागला. बाई म्हणाल्या, एकेक करून बोला, मला हात दोन असले तरी लिहिणारा एकच आहे. लोक हसले. या बोळात इतकी माणसं एकदम हसल्याला फार दिवस झाले होते.

भाई गेला नव्हता. भिंतीपाशी उभा होता.

सगळ्यांच्या शेवटी बेकरीवाल्या मावशी आल्या, अंगाने भरदार, धापा टाकत. बसायला जागा नाही म्हणून इकडेतिकडे बघितलं, तर पुढ्यात हा. "खांबासारखा उभा काय राहिलास? जा, बेकरीतून मला बसायला आण काहीतरी."

बाईंचं लिहिणं थांबलं. त्याला काम सांगायची हिंमत आजवर कोणी केली नव्हती. त्याने बापाकडे पाहिलं. बाप आपल्या चपलांकडे बघत होता.

तो गेला. लोक कोपऱ्याकडे डोळे लावून बसले. परत आला तेव्हा त्याच्या हातात पिठाने माखलेलं स्टूल होतं.

मावशींनी ते वरखाली न्याहाळलं. "याला पाठ कुठे आहे? माझी कंबर तू धरणार का? पाठीची खुर्ची आण, गल्ल्यामागची."

त्याने स्टूल बापाच्या शेजारी ठेवलं, शर्टाला लागलेलं पीठ झटकलं आणि पुन्हा बेकरीकडे निघाला.

बाई म्हणाल्या, त्याला येऊ द्या, मग पुढचं घेऊ.

बोळात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. माणसं भिंतींना टेकून उभी होती, पोरं सोफ्याच्या हातांवर बसली होती. पण त्या स्टुलावर कोणी बसलं नाही.