दुधाची राखणदार

दूध वर आलं, की पातेल्याच्या काठाला अडकवलेली डबी ओरडायची. निवृत्तीनंतर महिनोन्महिने खपून हेरंबरावांनी ती बनवली होती आणि आवाज भरला होता स्वतःचाच: "अगं, दूध! लक्ष कुठंय तुझं? दिवसभर घरातच असतेस, एवढंही जमत नाही?"

शेजाऱ्यांसमोर डबी खेकसली, तेव्हा सगळे पोट धरधरून हसले. कुमुदताईंच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर नवऱ्याकडून हेच ऐकलं, आता ही मेली डबीसुद्धा बोलणार!

"आणि गॅस कोण बंद करणार?" त्यांनी विचारलं.

"तूच की! तुझ्यासाठीच तर केलंय."

दुसऱ्या दिवशी हेरंबराव पेपर वाचत बसले होते. कुमुदताईंनी दूध गॅसवर चढवलं, ते तापत आल्यावर डबी अडकवली, चपला घातल्या आणि त्या बाहेर पडल्या. फाटकाशी पोचतात तोच खिडकीतून आवाज कडाडला: "लक्ष कुठंय तुझं? दिवसभर घरातच असतेस, एवढंही जमत नाही?"

पाठोपाठ खुर्ची पडली. करपलेल्या दुधाचा वास आला. "अगं, कुठं आहेस?"

कुमुदताईंनी बाहेरून फाटकाला कडी घातली. बोलणी खायला आज घरात एकटे हेरंबरावच होते.