पेटीवरची पाळत

उज्वलाने सीडी पर्समध्ये सरकवली ती वाल्मीकच्या नजरेतून सुटली नाही. ही तिसरी.

"काय गं ते?"

"काही नाही दादा. रिकामी आहे." एवढं बोलून ती भराभरा जिना उतरली.

रिकामी सीडी घरी कोण नेतं? कुंपणच शेत खातंय, वाल्मीक स्वतःशीच म्हणाला.

द्वारका चौकाजवळच्या त्या फोटो लॅबमध्ये त्याची चौदा वर्षं गेली होती. दोन हजार सातच्या लग्नसराईत नामपूरची उज्वला कामाला लागली आणि मालकीण ज्योत्स्नाताईंनी अल्बम जुळवायचं काम त्याच्याकडून काढून तिला दिलं. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. फोटो साठवायची नवी पेटी आली तीही तिच्याच दिमतीला. पेटी आतल्या खोलीत. पण विंडोजमधल्या एका ड्रायव्हरमुळे ती नेटवर्कच्या वायरीवरून उज्वलाच्या मशीनवर आतल्याच डिस्कसारखी दिसायची.

बारा तारखेला वाल्मीकने तोच ड्रायव्हर गुपचूप स्वतःच्या मशीनवर बसवला. पेटीचा पत्ता टाकला, पेटीच्या यादीत आपल्या मशीनचं नाव चढवलं आणि रोज सकाळी आपोआप जोडणी व्हावी म्हणून चौकोनात खूण केली. पोरगी काही घोटाळा करते का ते कळत राहील. नुसतं बघायला काय जातंय?

आणि झालंही तसंच. तेराला एका साखरपुड्याचे फोटो गायब. सोळाला देवळाली कॅम्पच्या एका जवानाचं अख्खं लग्न, फायली उघडेचनात. नवरदेव केव्हाच सीमेवर परतला होता. त्याची आई रोज येऊन बाकावर बसायची. वाल्मीकला तिच्याकडे बघवत नसे.

तिसऱ्या सीडीनंतर त्याला राहवेना. सकाळी त्याने ताईंसमोर सगळं मांडलं.

"उज्वला, काय आहे त्या सीडीत?"

"फोटोच आहेत, ताई."

"आपले? आणि घरी का नेतेस?"

उज्वलाने एकदा वाल्मीककडे पाहिलं आणि मान खाली घातली. ताईंनी दोनदा विचारलं.

"मग उद्यापासून येऊ नकोस."

चोर मुद्देमालासकट सापडला होता. वाल्मीकने त्या दिवशी चहा दोनदा मागवला.

दुपारी पेटीवाल्या कंपनीचा रोहित आला. ताईंच्या शेजारी बसून त्याने पेटीची यादी उघडली.

"इथे दोन मशीन जोडलीत. ही डिस्क एका वेळी एकाच मशीनने वापरायची. दुसऱ्याने नुसती उघडून ठेवली तरी दोन्ही मशीन एकमेकांच्या नोंदी पुसत बसतात."

"म्हणजे फोटो कुणी चोरले नाहीत?" ताईंनी विचारलं.

"छे! उज्वलाताईंना हे कळलं होतं. त्यांनी फोन केला तेव्हा मीच म्हटलं, मी येईपर्यंत वाचलेले फोटो सीडीवर काढा आणि घरी नेऊन ठेवा. दुसरं मशीन कुणाचं ते तुम्हाला सांगा म्हटलं, तर म्हणाल्या, नको, दादांची नोकरी जाईल."