शेवटची आच

"हाही तडकला!" ल्याओनं शिलाई मशीनचा पोलादी हूक कुरोदासानांसमोर आपटला.

कुरोदासान जपानी कंपनीचे इंजिनिअर. आमच्या ताइचुंग शहरातल्या ल्याओच्या कारखान्यात येऊन पोलादाला पाणी कसं द्यायचं, तापवून-विझवून कणखर कसं करायचं ते त्याला शिकवत होते. पुढचाही माल तडकला तर काम दुसऱ्याकडे जाईल, हे त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

"मांजरानं वाघाला सगळं शिकवलं," ल्याओ चिडून म्हणाला, "झाडावर चढणं तेवढं स्वतःपाशी ठेवलं. तुम्हीही एक डाव राखलाय. गुरू राखतोच! माझ्याही गुरूनं राखला होता."

कुरोदासान भला माणूस, रागावले नाहीत. चहाचा पेला खाली ठेवून सरळ मागच्या बाजूला गेले. ल्याओ त्यांच्या मागोमाग. तेलात विझवलेले हूक तिथे थाळ्यात पडून होते. शेजारच्या छोट्या भट्टीच्या खोलीला कुलूप. कारागीर आ-खुन हाताची घडी घालून उभा.

कुरोदासानांनी एक हूक गालाला लावून पाहिला. "पार गार. अंगात ऊब आहे तोवरच दुसरी, मंद आच द्या म्हटलं होतं ना? गार पडला की तडकतो. कुणाची वाट बघतायत हे?"

"मालकांची," आ-खुन पुटपुटला. "चावी त्यांच्याकडे असते. ते बाहेर गिऱ्हाइकांपाशी बसले होते."

ल्याओनं खिशातली चावी मुठीत धरली. आ-खुन ही आच शिकला की समोरच स्वतःचं दुकान थाटणार, ही त्याची धास्ती. आमच्याकडे सगळे तेच करतात. ल्याओनंही केलं होतं.

"मी काहीच राखलेलं नाही," कुरोदासान म्हणाले. "ल्याओसान, मांजर तुम्हीच."

नोकरासमोर चूक मान्य करणं आमच्या मालकलोकांना मरणाहून अवघड. ल्याओनं ती मान्य केली. मला तर त्याचं फार कौतुक वाटतं. त्यानं कुलूप काढलं, नुकताच विझवलेला हूक पुसून आ-खुनच्या तळहातावर ठेवला.

"चुकलं माझं. हे बघ, ऊब लागतेय, पण हाताला सोसतेय? हीच वेळ. आता माझी वाट बघू नकोस, चढव आचेवर."

संध्याकाळी कुरोदासानांनी नव्या हुकांचा सगळा थाळा भिंगाखाली पाहिला. एकालाही तडा नव्हता.

आ-खुन घुटमळत राहिला. "मालक, उद्या मी खरंच समोर दुकान टाकलं तर?"

"टाक," ल्याओ म्हणाला. "भाडं ठरवायला मात्र मला बरोबर ने. समोरच्या जागेचा तो म्हातारा मालक तुला नागवेल."